धर्माची सक्ती आणि ओवीची साक्ष

विरार स्टेशनाहून आगाशी-अर्नाळ्याकडे जाणारा रस्ता आमच्या बोळिंजवरून जातो. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी या रस्त्याच्या दुतर्फा केळीच्या, पानवेलीच्या आणि फुलझाडांच्या वाड्या होत्या. आज तेथे म्हाडाच्या व खाजगी बांधकामदारांच्या टोलेजंग इमारती उभ्या आहेत आणि एकाच जिन्याने पाच धर्मांची, दहा जातींची माणसे वरखाली करतात. अशा वस्तीत एक प्रश्न वारंवार उभा राहतो. आपला धर्म आपण पाळावा हे सर्वांनाच मान्य असते. मग दुसऱ्याने काय खावे, काय ल्यावे, काय गावे, कोणाच्या घरी चहा घ्यावा, हे ठरविण्याचा मोह काही धार्मिक माणसांना का होतो? त्यांची श्रद्धा आपल्यापेक्षा अधिक असते म्हणून, की आणखी काही कारण असते?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी फार दूर जाण्याचे कारण नाही. बोळिंजहून पायी तासा-दीड तासात सोपाऱ्याला पोहोचता येते आणि सायकल काढली तर वसईचा किल्ला गाठता येतो. एवढ्या टापूत आणि उत्तरेस डहाणूपर्यंतच्या किनाऱ्यावर या प्रश्नाचे दोन हजार वर्षांचे दफ्तर विखुरलेले आहे. त्यातील काही पाने आपण प्रस्तुत लेखात उलटून पाहू.

उपदेश करणारा सम्राट

इ. स. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांना सोपाऱ्यास सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा एक तुकडा सापडला. पुढे १९५६ मध्ये वसई तालुक्यातील भुईगाव येथे नवव्या लेखाचा तुकडा मिळाला. हा नववा लेख आपल्या विषयाच्या दृष्टीने मोठा मासलेवाईक आहे. आजारपण, लग्नकार्य, मुलाचा जन्म, प्रवासाला निघणे अशा प्रसंगी लोक, आणि विशेषतः स्त्रिया, नाना प्रकारचे मंगलविधी करतात. त्यातील बरेचसे क्षुद्र व निरर्थक असतात, अशी तक्रार सम्राटाने त्यात केली आहे. म्हणजे घरातील बायांच्या चालीरीतींवर बोट ठेवण्याची सवय निदान सव्वादोन हजार वर्षांची जुनी आहे!

परंतु पुढे अशोक काय म्हणतो तेही पाहिले पाहिजे. विधी करूच नका, असे तो म्हणत नाही. करा, पण त्यांचे फळ थोडे आहे. दास-नोकरांशी नीट वागणे, वडीलधाऱ्यांचा मान ठेवणे, प्राण्यांविषयी संयम बाळगणे हा खरा मंगलविधी होय, असे तो समजावतो. अन्यत्र सापडलेल्या बाराव्या लेखात तर स्वतःच्या पंथाची अवाजवी स्तुती व परपंथाची निंदा टाळण्यास त्याने बजावले आहे. तोही मोहातून पूर्ण सुटलेला नव्हता. पहिल्या लेखात त्याने पशुबळीला मनाई केली, पाचव्या लेखात धर्माचरणावर देखरेख करणारे महामात्र नेमल्याचे सांगितले. चांगले वागावे असे सांगणाऱ्याच्या हाती सत्ता आली की उपदेशाचा हुकूम व्हायला वेळ लागत नाही. तरीही लग्नघरातील बायांच्या दारात त्याने शिपाई उभा केला नाही. उपदेश आणि सक्ती यांच्यामधला हा उंबरठा वाचकांनी ध्यानात ठेवावा. पुढची सारी कथा या उंबरठ्याचीच आहे.

चिंचणीचा ताम्रपट

दुसरे पान आपल्या पालघर जिल्ह्यातीलच आहे. डहाणू तालुक्यातील चिंचणी येथे काही ताम्रपट सापडले. त्यांतील एक शके ८४८ चा, म्हणजे इ. स. ९२६ चा, राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याच्या कारकिर्दीतील आहे. त्यावरून असे कळते की संजाण प्रांताचा कारभार राष्ट्रकूटांनी एका ताजिक, म्हणजे अरबांकडील मुसलमान, सरदाराकडे सोपविला होता. लेखात त्याचे नाव ‘मधुमति’ असे दिले आहे. विद्वानांच्या मते हे ‘मुहम्मद’ या नावाचे संस्कृत रूप होय. या मुहम्मदाने खाड्यांवर फुकट नावा ठेवल्या, वाटसरूंसाठी अन्नछत्र चालविले आणि अन्नय्य नावाच्या ब्राह्मणाने बांधलेल्या देवीच्या मठिकेसाठी राजाच्या संमतीने गाव व जमीन दान दिली.

वाचकहो, या घटनेचा क्षणभर विचार करा. राजा हिंदू, सुभेदार मुसलमान, दान देवीच्या मठाला! याच सुमारास, इ. स. ९१६ च्या आसपास, अरब प्रवासी मसऊदी चौलला येऊन गेला. राष्ट्रकूटांच्या राज्यात मुसलमान सुखाने राहतात, त्यांच्या मशिदी आहेत व त्यांचे तंटे त्यांच्यातलाच एक प्रमुख मिटवितो, असे त्याने लिहून ठेवले आहे. संजाणच्या मुहम्मदाची निष्ठा पातळ होती असे मानण्यास काही आधार नाही. दुसऱ्याच्या देवघराला जमीन दिल्याने आपला ईमान बुडतो असे त्याला वाटले नाही, एवढाच त्याचा अर्थ. परदेशी व्यापारावर जगणाऱ्या किनाऱ्याला एकमेकांची गरज होती, हेही खरे. गरज माणसाला पुष्कळदा शहाणपण शिकविते.

वसईची दोनशे वर्षे

तिसरे पान मोठे आहे आणि ते उलटताना मन जड होते. २३ डिसेंबर १५३४ रोजी गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने वसई प्रांत पोर्तुगीजांना तोडून दिला. तेव्हापासून मे १७३९ पर्यंत, म्हणजे दोनशे चार वर्षे, या भूमीवर पोर्तुगीज अंमल होता. देवळे व मशिदी पाडणे, उघडपणे सण-उत्सव करण्यास बंदी, बाप मेलेल्या हिंदू मुलांना पाद्र्यांच्या हवाली करण्याचा कायदा, अशा उपायांनी धर्मप्रसार चालला. १५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे धर्मसमीक्षण न्यायालय, स्थापन झाले आणि त्याचा हात वसई-दमणपर्यंत पोहोचत असे.

येथे एक विसंगती सांगितली पाहिजे. १५६७ मध्ये गोव्यात भरलेल्या धर्मपरिषदेने जे ठराव केले त्यांत, धाक घालून किंवा जबरदस्तीने कोणास ख्रिस्ती करणे योग्य नाही, असेही एक तत्त्व मान्य केले होते. त्याच परिषदेने देवळे व मशिदी मोडण्याची आणि परधर्माच्या उपदेशकांना हाकलण्याचीही मागणी केली! म्हणजे पोथीत सक्तीचा निषेध आणि व्यवहारात सक्तीची तजवीज. हे का घडते? कारण सक्ती करणाऱ्याला आपण सक्ती करीत आहोत असे वाटतच नाही. आपण फक्त वाटेतील काटे दूर करीत आहोत, अशी त्याची समजूत असते. काटा म्हणजे दुसऱ्याचे देवघर!

आणि एकदा हे यंत्र सुरू झाले म्हणजे ते परक्यांवर थांबत नाही. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य. या देशातील औषधी वनस्पतींवरील त्याचा ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापला गेला आणि त्याने जगभर कीर्ती मिळविली. मुंबई बेटही त्याच्याकडे खंडाने होते. पण तो मूळच्या यहुदी घराण्यातला. त्याच्या मृत्यूनंतर त्याच्या बहिणीला, गुप्तपणे यहुदी धर्म पाळल्याच्या आरोपावरून, १५६९ मध्ये जाळण्यात आले आणि १५८० मध्ये खुद्द ओर्ताची हाडे उकरून जाळली गेली. दुसरा डेलाँ नावाचा फ्रेंच डॉक्टर, हा तर जन्माने ख्रिस्ती. बाप्तिस्मा व मूर्तींचा मान यांविषयी काही मोकळी मते बोलून दाखविल्यामुळे १६७३ मध्ये त्याला दमणला पकडले आणि वसईमार्गे गोव्याच्या तुरुंगात नेले. सुटून मायदेशी गेल्यावर त्याने लिहिलेले पुस्तक १६८७ मध्ये प्रसिद्ध झाले आणि साऱ्या युरोपला या न्यायालयाची ओळख पटली.

मिठाशिवायचा भात

या सर्व कागदपत्रांत मला सर्वांत बोलका वाटतो तो १४ एप्रिल १७३६ चा गोव्याच्या इन्क्विझिशनचा जाहीरनामा. मराठीतील थोर संशोधक अ. का. प्रियोळकर यांनी गोव्याच्या इन्क्विझिशनवरील आपल्या १९६१ च्या ग्रंथात त्याकडे लक्ष वेधले. हा जाहीरनामा हिंदूंसाठी नव्हे, तर पिढ्यान्‌पिढ्या ख्रिस्ती असलेल्या स्थानिक लोकांसाठी होता. त्यात काय काय मना केले होते? लग्नात हळद, दूध, खोबरेल तेल अंगाला लावणे. सोयरिकीत पानसुपारी आणि फुले वाटणे. अंगणात तुळस ठेवणे. पुरुषांनी धोतर आणि बायकांनी चोळी घालणे. लग्नात ओव्या गाणे. आणि भात शिजवताना त्यात मीठ न घालता तो वेगळा शिजवणे, कारण हिंदू लोक तसा शिजवतात!

वाचकहो, चुलीवरच्या हंडीत मीठ आहे की नाही, हे पाहण्यापर्यंत धर्माचे राज्य खाली उतरले. यावरून दोन गोष्टी ध्यानात येतात.

पहिली अशी की, श्रद्धा ही डोळ्यांनी दिसत नाही. माणसाच्या अंतःकरणात काय आहे हे मोजण्याचे माप कोणत्याही अंमलदाराजवळ नसते. पण चोळी दिसते, तुळस दिसते, ओवी ऐकू येते, भाताची चव कळते. म्हणून ज्याला दुसऱ्याच्या धर्मावर पहारा ठेवायचा आहे तो नेहमी वेष, अन्न आणि गाणे यांवरच येऊन पडतो. दिसणाऱ्या वस्तूलाच तो धर्म समजू लागतो. प्रामाणिकपणा, शेजारधर्म, मजुराची मजुरी घाम सुकण्यापूर्वी देणे या गोष्टींसाठी असा जाहीरनामा क्वचितच निघतो, कारण त्या मोजणे कठीण आणि पाळणे तर त्याहून कठीण.

दुसरी गोष्ट अशी की, हा जाहीरनामा म्हणजे सक्तीच्या अपयशाची सहीशिक्क्याची पावती आहे. इन्क्विझिशन स्थापन होऊन पावणेदोनशे वर्षे झाल्यावरही बाया ओव्या गातच होत्या. गात नसत्या तर बंदी कशाला घातली असती? आणि बंदी घालूनही काय झाले? तीन वर्षांनी, १७३९ मध्ये, चिमाजी अप्पांनी वसई घेतली. शरणागतीच्या तहात ख्रिस्ती रयतेला आपला धर्म पाळण्याची मुभा राहिली. त्यानंतर पोर्तुगीज सत्तेचा पहारा नसतानाही वसईचे ख्रिस्ती लोक ख्रिस्तीच राहिले. आणि आजही नंदाखाल, गास, निर्मळच्या परिसरात सामवेदी बोलीतली लग्नगीते आजीबाई गातात. चर्चही राहिले आणि गाणेही राहिले. एक ठेवण्यासाठी दुसरे मारण्याची गरज कधी नव्हतीच.

ओवीविषयी आणखी एक सांगण्यासारखे आहे. याच गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज धर्मगुरूने ख्रिस्ताची कथा मराठी ओवीत रचली. त्याचे ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये छापले गेले. त्याच शतकात श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी आपला योगसंग्राम ओवीतच लिहिला. एक ख्रिस्ती, एक मुसलमान. दोघांनीही या मातीतल्या माणसाशी बोलण्यासाठी या मातीतले छंद जवळ केले. स्टीफन्सला ओवी हा पूल वाटला. सव्वाशे वर्षांनंतरच्या अंमलदारांना तीच ओवी गुन्हा वाटली. धर्म एकच, गाव एकच, ग्रंथही एकच. फरक एवढाच की स्टीफन्सला पटवायचे होते आणि अंमलदारांना फक्त वळवायचे होते. ज्याला आपल्या म्हणण्याच्या बळावर विश्वास असतो तो समजावतो. ज्याला तो नसतो तो दंड हाती घेतो.

वसईचा मुलगा, नागासाकीचा क्रूस

आता याच वसईच्या एका मुलाची कथा ऐका. गोन्सालो गार्सिया हा १५५६-५७ च्या सुमारास वसईत जन्मला. बाप पोर्तुगीज, आई येथली. जेझुइट पाद्र्यांच्या हाताखाली तो शिकला, जपानला गेला, तेथील भाषा शिकला, काही काळ व्यापार केला आणि पुढे मनिला येथे फ्रान्सिस्कन संघात सामील होऊन दुभाषा म्हणून पुन्हा जपानला गेला. जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याने १५८७ मध्येच मिशनऱ्यांना देश सोडण्याचा हुकूम काढला होता. १५९६ मध्ये एक स्पॅनिश जहाज तेथे किनाऱ्याला लागले आणि, आधी पाद्री येतात, मागून फौज येते, हा संशय बळावला. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे सव्वीस ख्रिस्ती माणसांना क्रूसावर चढविण्यात आले. त्यांत वसईचा गोन्सालो होता. १८६२ मध्ये त्याला संतपद मिळाले. आज वसईत त्याच्या नावाचे महाविद्यालय आहे.

ज्या वर्षांत वसईत त्याच्या आईच्या रक्ताच्या लोकांची देवघरे मोडली जात होती, त्याच काळात जपानात त्याला स्वतःला केवळ धर्मासाठी प्राण द्यावे लागले. काठी तीच, हात बदलला की पाठही बदलते. हिदेयोशीला दुसऱ्याच्या आत्म्याची काळजी नव्हती. त्याला भीती होती राज्याची. सक्तीचे एक मोठे कारण येथे सापडते. परका धर्म म्हणजे परकी निष्ठा, असे सत्ताधाऱ्याला वाटू लागले की श्रद्धेचा प्रश्न फौजदारी होतो. पोर्तुगीजांनाही हेच वाटत होते, आणि आजच्या जगात कोठे कोठे हेच वाटते, हे सुज्ञ वाचकास वेगळे सांगावयास नको.

आपल्या घरातील दाखले

येथपर्यंत वाचून एखादा वाचक म्हणेल, हे सर्व दुसऱ्यांचे दोष झाले, आपले काय? प्रश्न रास्त आहे.

कुरआन शरीफच्या सूरह बकरातील २५६ वी आयत धर्माच्या बाबतीत बळजबरी नाकारते, हे आपण व्यासपीठावरून अभिमानाने सांगतो. ते खरेच आहे. पण इतिहासात आपणही तो उंबरठा ओलांडला आहे. इ. स. ८३३ मध्ये बगदादचा खलिफा मामून याने, कुरआन हा अल्लाहने निर्माण केलेला आहे, हे मत सर्व काजींनी व विद्वानांनी मान्य केले पाहिजे असा हुकूम काढला आणि त्यांच्या उलटतपासण्या सुरू केल्या. इतिहासात याला ‘मिहना’ म्हणतात. इमाम अहमद बिन हंबल यांनी नकार दिला. त्यांना कैद झाली आणि पुढच्या खलिफाच्या काळात फटके मारण्यात आले. पुढे खलिफा मुतवक्किलने हा प्रकार बंद केला. विशेष हे की ही सक्ती कर्मठांची नव्हती. बुद्धिवादाचा पुरस्कार करणाऱ्या मोतझिला पंथाचे मत त्यामागे होते. फटक्यांनी अहमद बिन हंबल यांची कीर्ती वाढली आणि मोतझिला पंथाची प्रतिष्ठा उतरणीला लागली. तेव्हा, आम्ही सुधारक आहोत, आमची सक्ती चांगली, असे म्हणणाऱ्यांनीही हा दाखला लक्षात ठेवावा.

आपल्या हिंदू बांधवांतही हे प्रकार झाले. १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये काही प्रतिष्ठित मंडळी जमली आणि त्यांच्यापुढे चहा ठेवला गेला. नावे वर्तमानपत्रात फुटली, ग्रामण्य माजले, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. लोकमान्य टिळक व न्यायमूर्ती रानडे यांच्यासारख्यांनाही प्रायश्चित्ताच्या फेऱ्यातून जावे लागले. तक्रार करणाऱ्यांपैकी किती जणांना चहाने खरोखर धर्म बुडतो असे वाटत होते, हा प्रश्नच आहे. सक्तीमागे पुष्कळदा श्रद्धेपेक्षा जातीतील मान, जुने हेवेदावे आणि चारचौघांत आपली पवित्रता सिद्ध करण्याची हौस असते.

एक कबुली

आता स्वतःविषयी थोडे. हे लिहिण्यास मला बरीच वर्षे लागली.

१९८० च्या सुमारास मी पंचविशीत होतो. वसई तालुक्यातील एका गावी आमच्या नात्यात लग्न होते. हळदीच्या रात्री बायका डफलीवर आमच्या कोकणी बोलीतली गाणी म्हणत होत्या. मी आणि माझ्यासारखे चार तरुण नुकतेच धर्माविषयी नवीन काही वाचून-ऐकून पेटलेले होतो. ही गाणी म्हणजे अज्ञान आहे, ती बंद झाली पाहिजेत, असे ठरवून आम्ही मांडवात गेलो. गाणाऱ्यांमध्ये एक वृद्ध चाची होती. लिहिता-वाचता न येणारी, पण पाचशे-सहाशे गाणी मुखोद्गत असलेली. ती थांबली आणि शांतपणे मला म्हणाली, “बाबा, यात अल्लाचं नाव आहे, नबीचं नाव आहे, पोरगी सासरी जाते म्हणून आईचं रडणं आहे. यातलं काय काढू ते तूच सांग.”

मला उत्तर देता आले नाही. पण गाणे बंद झाले, कारण आम्ही शिकलेले होतो, पुरुष होतो आणि आमच्या मागे जमातीतली दोन वजनदार माणसे होती. त्या रात्री मला मोठे पुण्य केल्यासारखे वाटले. पुढे हळूहळू त्या घरातील लग्नांत गाणी म्हणण्याची रीतच सुटली. चाचीही गेली. तिची गाणी कोणी उतरवून घेतली नाहीत. १७३६ चा जाहीरनामा मी प्रथम वाचला तेव्हा ‘लग्नात ओव्या गाणे’ या कलमाशी मी थबकलो. तो हुकूम काढणाऱ्यांचा मला राग आला, आणि मग लगेच तो मांडव आठवला.

प्रामाणिकपणे विचार करतो तेव्हा वाटते, त्या रात्री मला चाचीच्या आत्म्याची काळजी नव्हती. मला माझ्याच धर्मज्ञानाची खात्री नव्हती. जे नवे शिकलो होतो ते नमाजीत, व्यवहारात, घरातल्या वागणुकीत उतरविणे अवघड होते. म्हाताऱ्या बाईचे गाणे थांबविणे सोपे होते.

दुसरी बाजूही मी पाहिली आहे. काही वर्षांपूर्वी माझा भाचा घर पाहण्यासाठी एका इमारतीत गेला होता. पैसे तयार होते, नोकरी चांगली होती. पहिला प्रश्न आला तो नावाचा. दुसरा, स्वयंपाकघरात काय शिजणार याचा. घर मिळाले नाही. घरी येऊन तो म्हणाला, “मामू, माझ्या हंडीशी यांना काय करायचं?” मला तो मिठाशिवायचा भात आठवला. मी त्याला धीर दिला. पण मनात म्हटले, मी तरी एकेकाळी कोणाच्या मांडवात कशासाठी गेलो होतो?

मग नीतीचे काय?

एक आक्षेप येथे विचारात घेतला पाहिजे. कोणीच कोणास काही सांगायचे नाही, तर समाज चालेल कसा? सतीची चाल कायद्याने बंद झाली, बालविवाहाला कायद्याने आळा बसला. त्या वेळीही, आमच्या धर्मात हात घालू नका, अशी ओरड झाली होतीच. सावित्रीबाई फुले आणि त्यांच्यासोबत शिकविणाऱ्या फातिमाबी शेख यांनी मुलींना शिकविले तेव्हा सनातन्यांना ती नीतीवरची धाडच वाटली. मग सती बंद करणे ही सक्ती नव्हे काय?

माझ्या अल्पमतीप्रमाणे फरक असा आहे. जेथे एका माणसाच्या वागण्याने दुसऱ्याचा जीव, शरीर, पोट किंवा शिक्षण यांची हानी होते, तेथे समाजाने कायद्याने आडवे आलेच पाहिजे. जेथे दुसऱ्याच्या वागण्याने केवळ माझे मन दुखावते, तेथे मला बोलण्याचा, समजावण्याचा, न पटल्यास दूर राहण्याचा हक्क आहे. हात धरण्याचा नाही. सतीत एक जीव जात होता. चाचीच्या गाण्याने कोणाचे काय गेले होते?

आपल्या राज्यघटनेच्या २५ व्या अनुच्छेदाने सदसद्विवेकाचे व धर्म पाळण्याचे स्वातंत्र्य व्यक्तीला दिले आहे. आणि ते देताना सार्वजनिक सुव्यवस्था, नीती व आरोग्य यांची मर्यादा घातली आहे. जमातींनी माणसांना वाळीत टाकण्याविरुद्ध मुंबई राज्याने १९४९ मध्ये कायदा केला होता. तो १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द ठरविला. पुढे महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा नवा कायदा केला. कायदा हवाच. परंतु मांडवातल्या चार तरुणांना कायदा अडवू शकत नाही. तेथे आपली तालीमच कामाला येते.

शेवटी

सारांश, दुसऱ्यावर धर्माची सक्ती करणाऱ्याच्या मनात चार गोष्टी कमीअधिक प्रमाणात एकत्र असतात : दुसऱ्याचे भले करण्याची कळकळ, परक्या निष्ठेची भीती, आपल्या लोकांत मान मिळविण्याची इच्छा आणि स्वतःच्या श्रद्धेविषयीची छुपी शंका. यांपैकी कळकळ ही चांगली गोष्ट आहे. तिला बाकीच्या तिघींची सोबत मिळाली म्हणजे ती अशोकाचा उंबरठा ओलांडते आणि लोकांच्या चुलीपर्यंत जाते. पुढच्या वेळी कोणाला काही मना करावेसे वाटले, तर या चारपैकी आपल्या मनात कोण बोलत आहे, हे प्रत्येकाने आधी तपासून पाहावे. आणि आपल्यावर कोणी सक्ती केली तर तिला विरोध करावा. मात्र तोच विरोध आपल्या मोहल्ल्यातील सक्तीलाही करावा. एकाच तागडीने दोन्हीकडे तोलले नाही, तर आपल्या तक्रारीला वजन राहत नाही.

ही स्मरणिका शिक्षणाच्या कामासाठी निघते, म्हणून आपल्या शाळा-महाविद्यालयांतील मुलामुलींना एक विनंती करतो. या सुट्टीत एक वही घ्या आणि आपल्या आजीपाशी, नानीपाशी, मोहल्ल्यातल्या एखाद्या वृद्ध खालापाशी बसा. तिला येत असलेली लग्नाची, पाळण्याची, जात्यावरची गाणी तिच्याच बोलीत, तिच्याच शब्दांत उतरवून घ्या. शेजारच्या वाडीतील ख्रिस्ती आजीची आणि पलीकडच्या आळीतील हिंदू आजीचीही घ्या. एखादी ओळ तुम्हांला पटणार नाही. ती तशीच लिहा, गाळू नका. पटत नाही असे वाटले तर तिच्याशी वाद घाला, पण वही मिटू नका.

माझ्या चाचीची गाणी मला आता कोणी देऊ शकणार नाही. तुमच्या घरची अजून असतील.